पक्षाघातानंतर मेंदू वाचवणारी औषधं: खरंच हाती काय आहे?

शमी (धागाकर्ती)

घरात कुणाला पक्षाघात झाला की दोन-चार दिवसांत नातेवाईक विचारतातच, "मेंदूसाठी एखादं चांगलं इंजेक्शन नाही का?" मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत सतत येतो. फोनवर घाईघाईत उत्तर देताना निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. झटका आल्यापासूनच्या पहिल्या काही तासांत मरू घातलेल्या पेशी औषधाने वाचवता येतात का, हा एक. आणि जे नुकसान व्हायचं ते झाल्यावर, पुढच्या आठवड्यांत-महिन्यांत, उरलेल्या मेंदूला हात-पाय-वाचा परत शिकायला औषधाने मदत होते का, हा दुसरा. दोन्हीचं शास्त्र वेगळं, औषधं वेगळी. केमिस्टच्या काउंटरवर मात्र सगळं "मेंदूची ताकद" या एकाच नावाखाली विकलं जातं.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते. साधारण ८५ टक्के पक्षाघात गुठळीने रक्तवाहिनी बंद झाल्यामुळे होतात. ज्या भागाला रक्त जवळपास मिळतच नाही तो काही मिनिटांत मरतो. पण त्याच्या भोवती एक पट्टा असतो, जिथे आजूबाजूच्या वाहिन्यांतून थोडंफार रक्त झिरपत राहतं. तिथल्या पेशी काम थांबवतात, पण जिवंत असतात. आस्ट्रुप, सीशो आणि सायमन यांनी १९८१ मध्ये या पट्ट्याचं नीट वर्णन केलं. त्याला पेनम्ब्रा म्हणतात. उपचारांची सगळी धडपड या पट्ट्यासाठी असते. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला: मोठी वाहिनी बंद पडलेल्या सर्वसाधारण रुग्णात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

त्या मरतात कशा, हेही बरंचसं ठाऊक आहे. प्राणवायू आणि साखर थांबली की पेशीची ऊर्जा संपते, सोडियम-पोटॅशियमचे पंप बंद पडतात. मग ग्लुटामेट नावाचं रसायन भरमसाट बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशींची दारं उघडून त्यांच्यात कॅल्शियम घुसवतं. कॅल्शियममुळे पेशी स्वतःलाच पोखरू लागते, पेशीला इजा करणारे मुक्त कण (फ्री रॅडिकल्स) तयार होतात, मागून दाह येतो. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी अडवणारं औषध कुणी ना कुणी शोधलं. २००६ मध्ये एका गटाने मोजदाद केली तेव्हा असे १०२६ उपाय निघाले. त्यातले ११४ माणसांवर तपासले गेले होते. उंदरांचा मेंदू वाचवणारे शेकडो. पण जगभर सगळ्यांनी मान्य केलेलं पेशीरक्षक औषध त्यातून एकही निघालं नाही, आणि आजही नाही.

माझ्या मते मुख्य कारण वेळेचं आहे. प्रयोगशाळेत तरुण, निरोगी उंदराला झटक्याच्या आधी किंवा लगेच नंतर औषध मिळायचं. माणसाला ते काही तासांनी मिळतं, तेही साठी-सत्तरी उलटलेल्या, मधुमेह आणि बीपी असलेल्या माणसाला. शिवाय वाहिनी बंदच असेल तर औषध त्या पट्ट्यापर्यंत पोचणार कुठून? २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. उंदीर निशाचर, प्रयोग होतात दिवसा, म्हणजे त्याच्या विश्रांतीच्या वेळी. माणसांवरच्या चाचण्या बहुतेक आपल्या जागेपणी. उंदराला दिवसा वाचवणारे तीन उपाय त्याच्या जागेपणी, रात्री, निष्प्रभ ठरले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण इतकी वर्षं ते कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

सावरण्याच्या औषधांबद्दल प्रतिसादांत लिहीन. प्रश्न विचारा.

रानवाट

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या वडिलांना झटका आला, डिस्चार्जच्या कागदावर सिटिकोलीन तीन महिने लिहून दिलंय. उजवा हात आधी हलतही नव्हता, आता पेला धरतात. आम्हाला तर गोळीचा गुण आला असंच वाटतंय. बंद करायची भीती वाटते. चालू ठेवू का?

शमी

रानवाट, वडील पेला धरू लागले हे वाचून खूप बरं वाटलं. गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा. औषधामागचा पुरावा मी सांगते.

सिटिकोलीन पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा कच्चा माल पुरवतं, म्हणून ते पेशी दुरुस्त करेल अशी कल्पना. लहान चाचण्या आशादायक होत्या. मग 'इक्टस' ही मोठी चाचणी झाली, निकाल २०१२ मध्ये आले. स्पेन, पोर्तुगाल आणि जर्मनीतले २२९८ रुग्ण; झटक्यानंतर २४ तासांच्या आत सुरुवात, रोज २००० मिलिग्रॅम, सहा आठवडे. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. तीन महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. पुढे काही हाती लागणार नाही असं दिसल्यावर चाचणी वेळेआधी थांबवली.

आता "आमच्या घरी तर फरक पडला" याबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक रुग्णांत काही ना काही सुधारणा आपोआप होते: सूज उतरते, झोपी गेलेला पट्टा जागा होतो, मेंदूचे इतर भाग काम उचलतात. या काळात जे काही चालू असेल त्याला श्रेय जातं. म्हणूनच दोन गटांची तुलना लागते. नुसत्या गोळीच्या गटाकडे पाहिलं असतं तर 'इक्टस'मधलेही कितीतरी रुग्ण सुधारलेले दिसले असते.

दूरदिवा

शमी, माहिती चांगली आहे, पण मी पूर्ण सहमत नाही. कितीतरी देशांत डॉक्टर हे औषध लिहितात, ते सगळे चुकीचे? शिवाय त्रास काही होत नाही. आईच्या वेळी आम्ही सेरेब्रोलायसिनची इंजेक्शनंही दिली. "आपण सगळं केलं" हे समाधान घरच्यांना लागतं हो.

केतकीबन

मी न्यूरोलॉजिस्ट आहे. दूरदिवा, तुमचं म्हणणं मी रोज ऐकते आणि त्यामागची तगमग खरी आहे. सिटिकोलीनपासून अपाय फारसा दिसलेला नाही, हेही खरं. तरी मी ते लिहीत नाही.

कारण घरच्यांचा पैसा आणि लक्ष मर्यादित असतं. महागडी इंजेक्शनं चालू आहेत म्हणून फिजिओथेरपी आठवड्यातून एकदाच ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. बीपीची गोळी मात्र "बरं वाटतंय" म्हणून सोडून दिलेली. दुसरा झटका रोखणाऱ्या गोळ्या, म्हणजे बीपीची, रक्त पातळ करणारी आणि कोलेस्टेरॉलची, या अजिबात चुकवायच्या नाहीत. रानवाट, वडिलांच्या कागदावर सर्वांत आधी या पाहा.

सेरेब्रोलायसिन हे डुकरांच्या मेंदूपासून काढलेल्या प्रथिनांच्या तुकड्यांचं मिश्रण आहे. २०१६ च्या एका चाचणीत २०८ रुग्णांच्या हातात चांगली सुधारणा दिसली. पण त्याआधी आशियात १०७० रुग्णांवर झालेल्या चाचणीत फायदा सिद्ध झाला नव्हता. सगळ्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने काढलेला निष्कर्ष असा की मृत्यू टळत नाहीत, उलट गंभीर दुष्परिणाम काहीसे जास्त दिसतात. त्यामुळे त्याच्या बाबतीत "त्रास तर काही नाही" असं मी म्हणणार नाही.

आणि एक गोष्ट धाग्यात वर यायला हवी होती. मेंदू वाचवणारं औषध आहे! गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. अल्टेप्लेजची चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मर्यादा तीन तासांची होती. २००८ मध्ये ती साडेचार तासांवर गेली. आता टेनेक्टेप्लेज एकाच झटक्यात शिरेतून देता येतं. १९९५ च्या चाचणीत मेंदूत लक्षणं देणारा रक्तस्राव ६.४ टक्क्यांना झाला, औषध न मिळालेल्यांत ०.६ टक्क्यांना, म्हणून सीटी स्कॅन आणि नीट चौकशी केल्याशिवाय ते देत नाहीत. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढतात. २०१५ मध्ये लागोपाठ पाच चाचण्यांनी हे सिद्ध केलं: एकत्रित आकड्यांत तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ४६ टक्के, नळी न घातलेल्यांत २६.५ टक्के. निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही हे करता येतं, हे २०१८ मध्ये दिसलं.

नातेवाईकांना कळकळीने सांगते: "शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?" याचं उत्तर पक्कं घेऊन या. रुग्ण झोपेतून उठताना झटका लक्षात आला असेल तर झोपायला गेल्याची वेळ सांगा. आणि गुठळी की रक्तस्राव हे कळण्याआधी घरी ॲस्पिरिन देऊ नका.

शमी

केतकीबन, मनापासून आभार. मूळ लेखात हा भाग माझ्याकडून त्रोटक झाला असता, तुम्ही लिहिलात हे उत्तम.

जिज्ञासू_जीव

वाचतोय. मग अँब्युलन्समध्येच औषध दिलं तर? वेळेचा प्रश्न सुटेल ना? आणि जपानमध्ये एडॅराव्होन वापरतात असं वाचलंय, त्याचं काय?

शमी

अँब्युलन्सची कल्पना प्रत्यक्षात करून पाहिली आहे, आणि ती चाचणी मला फार आवडते. लॉस एंजेलिसमध्ये १७०० रुग्णांना वाटेतच शिरेतून मॅग्नेशियम किंवा नकली औषध सुरू केलं, चौघांपैकी साधारण तिघांना झटक्यापासून पहिल्या तासाच्या आत. २०१५ मध्ये निकाल आला: फरक शून्य. मॅग्नेशियम चाललं नाही, पण इतक्या लवकर औषध देता येतं हे त्या लोकांनी दाखवून दिलं.

एनएक्सवाय-०५९ नावाचं औषध होतं, मुक्त कण पकडणारं. पहिल्या मोठ्या चाचणीत, २००६ मध्ये, थोडा फायदा दिसला. सगळ्यांच्या आशा उंचावल्या. दुसरी चाचणी जवळपास दुप्पट रुग्णांवर केली, २००७ मध्ये तिने तो फायदा पुसून टाकला. कंपनीने काम थांबवलं.

नेरिनेटाइड या आणखी एका पेशीरक्षक औषधाची गोष्ट तर चटका लावणारी. गुठळी ओढून काढायची असलेल्या ११०५ रुग्णांवर चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आले. एकूण फायदा नाही. पण ज्यांना अल्टेप्लेज दिलं नव्हतं त्यांच्यात फायदा दिसला! कारणही पटण्यासारखं: अल्टेप्लेजमुळे शरीरात प्लाझ्मिन तयार होतं आणि ते नेरिनेटाइडचे तुकडे करतं. मग फक्त अल्टेप्लेज न मिळालेल्या रुग्णांवर नवी चाचणी केली. तिथेही फायदा सिद्ध झाला नाही. एका उपगटात दिसलेल्या आकड्यावर किती विसंबायचं, हे विद्यार्थ्यांना शिकवताना मी आता हेच उदाहरण घेते.

एडॅराव्होनला जपानने २००१ मध्ये मान्यता दिली. आणखी काही आशियाई देशांत ते वापरतात. अमेरिकेत त्याला मान्यता आहे ती एएलएस या वेगळ्या आजारासाठी, पक्षाघातासाठी नाही. चीनमध्ये त्यात डेक्सबोर्निऑल हे दुसरं औषध मिसळून ११६५ रुग्णांवर चाचणी केली, ४८ तासांच्या आत सुरू करून. तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे झालेले ६७ टक्के, नुसतं एडॅराव्होन मिळालेल्यांत ५९ टक्के. पुढे जिभेखाली ठेवायच्या गोळीवर ९१४ रुग्णांत ६४ विरुद्ध ५५ टक्के. हे आकडे मी दुर्लक्षित करणार नाही. पण दोन्ही चाचण्या एकाच देशातल्या आहेत. इतर ठिकाणच्या रुग्णांत, त्यातही गुठळी ओढून काढलेल्यांत, हेच दिसलं तर मी आनंदाने मत बदलेन. वाहिनी उघडल्यावर औषधाला आत जायला वाट मिळते, त्यामुळे या क्षेत्रात आज पुन्हा जीव आलाय.

रात्रपाळी

मी स्ट्रोक वॉर्डात परिचारिका आहे. औषधांच्या या चर्चेत आमच्या कामाचा उल्लेख कुणी करत नाही म्हणून लिहिते.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १९ स्ट्रोक युनिटमध्ये एक चाचणी झाली. नवीन औषध एकही नव्हतं. पहिले तीन दिवस परिचारिकांनी तीनच गोष्टी ठरलेल्या पद्धतीने करायच्या: ताप आला की लगेच उतरवायचा, साखर वाढली की लगेच आटोक्यात आणायची, आणि गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही. तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व ४२ टक्के, एरवीची पद्धत असलेल्या युनिटमध्ये ५८ टक्के! वर आलेल्या एखाद्या इंजेक्शनने एवढा फरक दाखवला असता तर त्याची केवढी जाहिरात झाली असती.

म्हणून नातेवाईकांना विनंती: आम्ही "अजून तोंडाने काही देऊ नका" म्हणतो तेव्हा मायेपोटीसुद्धा चमचाभर पाणी पाजू नका. ते फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो, ताप चढतो आणि त्या तापाने मेंदूचं नुकसान वाढतं.

शमी

रात्रपाळी, हा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. तापलेल्या मेंदूला ऊर्जा जास्त लागते आणि त्या पट्ट्यातल्या पेशींकडे ती मुळात नसते. तुम्ही करता तेच खरं पेशीरक्षण आहे.

ओंजळ

मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना यातलं काय लागू होतं?

केतकीबन

गुठळी विरघळवणारं औषध अर्थातच नाही. रक्तस्रावात बीपी लवकर खाली आणणं, साखर-ताप सांभाळणं आणि आधी चालू असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा असर उलटवणं, हे एकत्र केल्याने फायदा होतो असं २०२३ मध्ये ७००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसलं. रक्तवाहिनीवरचा फुगा फुटून मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठलं असेल तर निमोडिपिन २१ दिवस देतात, त्याने परिणाम सुधारतात. हेच निमोडिपिन गुठळीच्या पक्षाघातात मात्र उपयोगी ठरलं नाही. नावात पक्षाघात असला तरी आजार वेगळे.

हिरवाई_२१

मी फिजिओथेरपिस्ट. सावरण्याच्या औषधांचा विषय आला की मला फ्लुऑक्सेटिन आठवतं. २०११ मध्ये फ्रान्समध्ये ११८ रुग्णांवर चाचणी झाली. नैराश्याचं हे जुनं औषध व्यायामासोबत तीन महिने दिलं तर हातापायांची ताकद जास्त परतते असं दिसलं. आम्ही सगळे हरखून गेलो होतो. स्वस्त, ओळखीचं औषध! मग ब्रिटनमध्ये ३१२७, स्वीडनमध्ये १५००, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व व्हिएतनाममध्ये मिळून १२८० रुग्णांना सहा महिने देऊन पाहिलं. रोजच्या जगण्यातल्या क्षमतेत काहीच फरक नाही. नैराश्य कमी झालं, ब्रिटनच्या चाचणीत १७ टक्क्यांऐवजी १३ टक्के. पण हाडं मोडण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट, १.५ वरून २.९ टक्के. त्यामुळे नैराश्य असेल तर जरूर द्यावं, "हात लवकर यावा" म्हणून सरसकट नको.

लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाचंही तसंच. २००१ मध्ये ५३ रुग्णांत चांगला परिणाम, २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ५९३ रुग्णांत काही नाही.

उलट बाजूकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. काही औषधं सावरणं मंदावतात अशी शंका जुनी आहे: झोपेच्या आणि चिंतेच्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्या, मानसिक आजारांत देतात ते हॅलोपेरिडॉल, फिटसाठी देतात ते फेनिटोइन. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते दिसतं, माणसांत पुरावा तितका पक्का नाही. पण दिवसभर पेंगुळलेला रुग्ण व्यायाम करू शकत नाही, हे मी रोज बघते. रात्री शांत झोपावं म्हणून सुरू केलेली गोळी पुढे महिनोन् महिने चालू राहते. तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा, मात्र फिटसाठी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

व्यायामातही घाई नको. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत २१०० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना पहिल्या २४ तासांतच वारंवार उभं केलं, चालवलं. त्यांची स्थिती तीन महिन्यांनी इतरांपेक्षा थोडी वाईटच निघाली. पहिल्या दिवशी बेताने, नंतर मात्र भरपूर.

रानवाट

बाबांना रात्रीची अशी एक गोळी आहे! दुपारीसुद्धा झोपलेलेच असतात. आम्हाला वाटलं आजारामुळे. आणि हाताची बोटं घट्ट आवळून राहतात, त्यासाठी काही?

हिरवाई_२१

बोटं आवळतात त्यासाठी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं असतात. घट्टपणा कमी होतो, हात धुणं, नखं कापणं सोपं जातं, सांधे आखडत नाहीत. हात कामाला लागेलच असं नाही, म्हणून इंजेक्शननंतर ताणण्याचे आणि धरण्या-सोडण्याचे व्यायाम लागतातच. बॅक्लोफेनच्या गोळ्यांनीही सैल होतं, पण त्यानेही गुंगी येते.

जिज्ञासू_जीव

आणखी एक. "व्यायामाची गोळी सापडली" अशी बातमी फिरत होती, ती काय?

शमी

२०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून आलेलं काम असावं, थॉमस कारमायकेल यांच्या गटाचं. पक्षाघातात मेंदूतल्या गॅमा नावाच्या वेगवान विद्युत लहरींचा ताल बिघडतो. तो ताल राखणाऱ्या एका खास प्रकारच्या पेशींना चेतवणारं रसायन, डीडीएल-९२०, उंदरांना दिलं तर व्यायामाने होते तशी सुधारणा दिसली. कल्पना मला मनापासून आवडली, कारण ती पेशी वाचवण्याऐवजी उरलेल्या जाळ्याला पुन्हा सुरात आणू पाहते. पण ते सगळं उंदरांतलं आहे. वरची १०२६ ची यादी लक्षात ठेवून वाट पाहू.

मूळपेशींच्या इंजेक्शनांबद्दल दोघांनी व्यनि (खाजगी निरोप) केलाय. जपानमध्ये २०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मुख्य निकषावर फायदा दिसला नाही. चाचणीबाहेर पैसे घेऊन कुणी हे देत असेल तर दूर राहा.

दूरदिवा

शमी, केतकीबन, तुमचं वाचून आज आईचे सगळे कागद काढले. बीपीची गोळी तीच आहे, पण मोजतो महिन्यातून एकदा. किती वेळा मोजायला हवं?

केतकीबन

घरी यंत्र असेल तर सुरुवातीला आठवडाभर रोज सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसून, दोन-दोन वेळा. दंडाचं यंत्र, मनगटाचं नको, आणि लकवा नसलेल्या हातावर. आकडे वहीत लिहून भेटीच्या वेळी आणा; बहुतेकांसाठी १३० च्या खाली हे लक्ष्य असतं, पण आईंचं वय आणि उभं राहताना चक्कर येते का हे पाहून त्यांचे डॉक्टर ठरवतील. रानवाट, तुम्ही पुढच्या भेटीत रात्रीच्या गोळीचं पाकीट सोबत घेऊन जा. ती बऱ्याच दिवसांची असेल तर हळूहळू कमी करावी लागते, एकदम थांबवायची नसते.

रानवाट

पाकीट पिशवीत ठेवलं. शुक्रवारी भेट आहे, काय म्हणतात ते इथेच लिहितो.